केसाइतका फरक
एका जुन्या रायफलीला नवे काडतूस देण्याची गोष्ट

एक साधा गुणाकार करून पाहू. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. मग .३०३ इंच म्हणजे किती? उत्तर येते सुमारे ७.७० मिलिमीटर. आपल्याकडे ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने लहानथोरांना ठाऊक असलेल्या रायफलीच्या नळीचा हा आतला व्यास. १९६० च्या दशकात भारतीय सैन्याने जे नवे काडतूस स्वीकारले, त्याच्या नळीचा व्यास आहे ७.६२ मिलिमीटर. आता वजाबाकी करा. उरतात सुमारे ०.०८ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या डोक्यावरच्या एका केसाची जाडी.

वर्गात एखादा चुणचुणीत विद्यार्थी लगेच विचारील, “सर, एवढ्याशा फरकासाठी नवी रायफल कशाला? जुन्याच नळीत थोडी कानस मारली की झाले!” प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली लगेच दिसते. कानस मारून भोक मोठे करता येते, लहान करता येत नाही, आणि नवे माप तर जुन्याहून लहान आहे. तेव्हा नळी नवीनच हवी. दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. व्यास जवळजवळ तोच राहिला तरी आतला दाब तोच राहत नाही. या दुसऱ्या अडचणीतून भारतातल्या एका कारखान्याने वाट कशी काढली, ते या लेखात पाहायचे आहे. त्याच कारखान्याच्या परिसराने याआधी याच घराण्यातल्या बंदुकांची मापे कशी आणि कशासाठी बदललेली पाहिली, तेही त्या ओघात येईल.

पुंगळीचे काम

काडतुसाचे भाग चार. पुढे गोळी, आत दारू, मागे ठिणगी देणारी टोपी आणि या सगळ्यांना एकत्र ठेवणारी पितळेची पुंगळी. पुंगळी म्हणजे दारू ठेवायची डबी, असा सर्वसाधारण समज असतो. तिचे खरे काम मात्र पुढेच आहे.

प्रेशर कुकरच्या झाकणातील रबरी कडे आठवा. आतली वाफ त्या कड्याला दाबते, कडे झाकणाच्या कडेवर घट्ट बसते आणि वाफेची वाट बंद होते. दाब वाढला की सील अधिकच पक्के होते. रायफलीत हेच काम पुंगळी करते. दारू पेटताच पितळ फुगून नळीच्या मागच्या कोठडीच्या भिंतीला चिकटते आणि तप्त वायू मागे, म्हणजे गोळी झाडणाऱ्याच्या डोळ्यांकडे, येऊ देत नाही. गोळी नळीबाहेर पडली की दाब ओसरतो, पितळ आक्रसते आणि रिकामी पुंगळी ओढून काढता येते. फुगायचे आणि परत यायचे, ही दोन्ही कामे त्याच पुंगळीची. त्यासाठी साधारण सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असलेले पितळ सोयीचे ठरले. पाठ्यपुस्तकातली स्थितिस्थापकता इथे सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात कामाला लागते.

कुकर आणि रायफल यांत फरक आहे तो आकड्यांचा. कुकरची शिट्टी वाजते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट असतो. रायफलीच्या कोठडीत तो काही हजार पट होतो.

चार प्रश्न

जुन्या रायफलीला नवे काडतूस द्यायचे ठरले, की कारागिराला चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

पहिला प्रश्न लांबीचा. .३०३ ची पुंगळी सुमारे ५६ मिलिमीटर लांब. नव्या काडतुसाचे पूर्ण नाव ‘७.६२ गुणिले ५१’ असे आहे. त्यातला दुसरा आकडा पुंगळीची लांबी सांगतो. म्हणजे नवी पुंगळी पाच मिलिमीटरने आखूड. तिच्यासाठी कोठडी वेगळी कोरावी लागते.

लांबीचा प्रश्न किती फसवा असतो, याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या गॅरंड रायफलीची पुंगळी ६३ मिलिमीटरची होती. अमेरिकी नौदलाने पुढे हीच रायफल ५१ मिलिमीटरच्या पुंगळीसाठी वापरायचे ठरवले. गोळीचा व्यास दोन्हीकडे एकच होता, दाबही जवळपास सारखाच. मग नळी बदलण्याऐवजी कोठडीच्या पुढच्या भागात पोलादी बुश ठोकून ती आखूड केली. कागदावर हिशेब चोख होता. पण काही रायफलींत गोळी झाडल्यावर पितळ त्या बुशला धरून बसे आणि रिकाम्या पुंगळीबरोबर बुशही बाहेर येई! अखेर नळ्याच बदलाव्या लागल्या. फुगून भिंतीला चिकटणे हा पुंगळीचा गुण आहे, आणि इथे नेमका तोच आडवा आला.

दुसरा प्रश्न, काडतूस पुढे सरकता सरकता कुठे थांबते? .३०३ च्या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. डब्याचे झाकण जसे आपल्या काठावर टेकते, तसे ते काडतूस त्या कडेवर टेकून थांबते. ७.६२ च्या पुंगळीला अशी बाहेर आलेली कड नसते. बुडाजवळ फक्त एक खाच असते, आणि काडतूस थांबते ते पुंगळीच्या निमुळत्या खांद्यावर. साहजिकच रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याची घडण बदलते, कारण त्याला कड पकडायची नसून खाचेत शिरायचे असते.

तिसरा प्रश्न काडतुसे ठेवण्याच्या पेटीचा, म्हणजे मॅगझिनचा. कड असलेली काडतुसे एकावर एक ठेवली की मागची बाजू उंच होते आणि रास पंख्यासारखी वळते. म्हणून थ्री नॉट थ्रीच्या मॅगझिनचा तळ तिरका असतो. बिनकडेची काडतुसे सरळ बसतात, तेव्हा मॅगझिनही सरळ, चौकोनी करता येते. त्याबरोबर नेम धरायच्या पट्टीवरचे आकडेही नव्याने कोरावे लागतात, कारण नव्या गोळीचा वेग आणि मार्ग वेगळा असतो.

चौथा प्रश्न दाबाचा. आजच्या युरोपीय प्रमाणांनुसार .३०३ काडतुसाचा कमाल दाब ३६५ मेगापास्कल, तर ७.६२ गुणिले ५१ च्या जातीच्या काडतुसाचा ४१५ मेगापास्कल धरतात. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३७०० किलो आणि ४२०० किलो. पुंगळीचा आतला व्यास साधारण एक सेंटिमीटर धरला, तर बुडाचे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटिमीटर येते. गुणाकार केला की मागच्या बाजूला बसणारा धक्का मिळतो. जुन्या काडतुसाचा सुमारे २९०० किलो, नव्याचा सुमारे ३३०० किलो. पुंगळी भिंतीला चिकटल्यामुळे यातला काही भार भिंत घेते, तेव्हा हा अंदाज वरच्या बाजूचा समजावा. तरीही कल्पना यावी म्हणून सांगायचे, तर पाच मारुती-८०० गाड्यांचे वजन एका नखाएवढ्या जागेवर, सेंकदाच्या हजाराव्या हिश्शापुरते.

व्यासातला फरक एक टक्क्याचा आणि दाबातला जवळपास चौदा टक्क्यांचा. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे लेथवर मिळतात. चौथ्याचे उत्तर पोलादातच शोधावे लागते.

हुगळीच्या काठी

हे चार प्रश्न मनात ठेवून आता बंगालात जाऊ. कोलकात्याच्या उत्तरेला हुगळी नदीच्या काठी इशापूर नावाचे गाव आहे. ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे बंदुकीच्या दारूचा कारखाना काढला. पुढे १९०४ साली त्याच जागी रायफल कारखाना उभा राहिला. तिथून काही किलोमीटरवर त्याच काठाला बराकपूरची छावणी आहे, जिथे २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडे यांनी शस्त्र उगारले.

त्या उठावातली काडतुसे ज्या बंदुकीसाठी होती ती १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड. नळीचा व्यास .५७७ इंच, म्हणजे सुमारे १४.७ मिलिमीटर, आणि आत मळसूत्री खाचा. खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि लांबवर नेम साधते. ही बंदूक तोंडाकडून भरावी लागे. कागदी काडतूस दातांनी फोडून दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. कागदाला लावलेल्या चरबीचे पुढे काय झाले, हे इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. उठाव मोडल्यावर त्या बंदुकीचे काय झाले, हे मात्र सहसा पुस्तकात नसते.

१८५८ साली हिंदी शिपायांसाठी एनफील्डचाच एक वेगळा नमुना निघाला. बाहेरून ती जवळपास तशीच. आत मात्र खाचा नाहीत, नळी गुळगुळीत, आणि व्यास .५७७ वरून .६५६ इंच, म्हणजे १६.७ मिलिमीटर. लांब पल्ल्याचा नेम धरायची सरकती पट्टीही काढून टाकलेली. गोरा शिपाई काही शे मीटरवर नेम धरू शकत होता. त्याच्या शेजारच्या काळ्या शिपायाला त्याच पोशाखात, त्याच कवायतीत, शंभर-दीडशे मीटरच्या पुढे भरवसा नाही अशी बंदूक दिली गेली. सुधारणा उलट्या दिशेने नेलेली ही बंदूक. व्यास दोन मिलिमीटरने वाढला म्हणजे भिंत चहूबाजूंनी एक मिलिमीटरने पातळ झाली. ती इतकी नाजूक ठरली की वापरात फुगू लागली, आणि पुढच्याच वर्षी जाड नळीचा नमुना काढावा लागला. पोलादाचे नियम राज्यकर्त्यांनाही चुकले नाहीत.

यानंतर पन्नास वर्षे एक पायरी खाली ठेवण्याची रीतच पडून गेली. १८६६ साली ब्रिटनने जुन्या एनफील्ड बंदुकांचा मागचा भाग कापून तिथे बिजागरीचे झाकण बसवले. ही स्नायडर पद्धत. तोंडाकडून भरायची बंदूक त्यामुळे मागून भरता येऊ लागली. पण दुसऱ्या अफगाण युद्धात, १८७८ ते १८८० या काळात, ब्रिटिश पलटणींच्या हाती नवी मार्टिनी-हेन्री होती आणि हिंदी पलटणींच्या हाती स्नायडर. १८९७ च्या तिराह मोहिमेत ब्रिटिशांकडे .३०३ ची ली-मेटफर्ड आली, तेव्हा हिंदी पलटणींकडे मार्टिनी-हेन्री होती. पहिल्या महायुद्धाच्या गरजेने मात्र हे अंतर मिटवले आणि हिंदी सैनिक थ्री नॉट थ्री घेऊन फ्रान्सच्या खंदकांत उतरले. ती रायफल आता इशापूरलाही तयार होत होती.

अंतर मिटले ते सैन्यापुरते. पोलीस आणि तुरुंगावरचे पहारेकरी यांच्यासाठी इशापूरने थ्री नॉट थ्रीचेच रूपांतर करून .४१० ची ‘मस्कट’ बनवली. नळी मोठी करून गुळगुळीत केलेली. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा, म्हणजे एका वेळी एकच गोळी. नागरिकांसाठी आणखी एक वाट काढली गेली. सैन्याचे .३०३ काडतूस खाजगी माणसाच्या हाती पडू नये, म्हणून त्याच ली पद्धतीच्या यंत्रणेवर .३१५ ची शिकारी रायफल बेतली गेली. तिला सैन्याचे काडतूस चालत नाही. आजही आपल्याकडे परवानाधारकांच्या हाती .३१५ दिसते, त्याचे मूळ या कुंपणात आहे. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही सैन्याची मापे नागरिकांपासून दूरच ठेवली आणि परवान्याशिवाय शस्त्रात कोणताही फेरबदल करणे गुन्हा ठरवले.

.६५६, .४१० आणि .३१५ या तीन आकड्यांकडे पाहा. तिन्हींत बंदूक बदलण्याचे कारण कोणाच्या हाती किती शक्ती द्यायची, हे होते. पहिल्या दोन ठिकाणी ती शक्ती उघडच कमी केली. खाली उतरण्याचे हे काम यंत्रशाळेच्या दृष्टीने फारसे अवघड नसते. धातू खरवडून काढायचा असतो, आणि नळी फार पातळ केली नाही तर जुने पोलाद कमी दाब सहज पेलते. चढण खरी कठीण असते.

१९६२ नंतर

ती चढण आली ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मध्ये. तेव्हा नेफा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजच्या अरुणाचल प्रदेशात भारतीय जवान हिमालयाच्या उंचीवर थ्री नॉट थ्री घेऊन लढले. या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागतो. समोरच्या चिनी सैनिकांकडे चाप दाबताच पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या रायफली होत्या.

युद्ध संपत असतानाच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. नोव्हेंबर १९६२ मध्येच संरक्षण उत्पादनाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. सैन्यासाठी आपोआप भरणारी ७.६२ ची रायफल बनवायचे ठरले. इशापूरमध्ये ती ‘१ए’ नावाने तयार होऊ लागली. जवान तिला एसएलआर म्हणत. पण नवी रायफल काही लाखांच्या संख्येने एका वर्षात तयार होत नाही. तोवर राखीव दलांच्या आणि मागच्या फळीच्या हाती काय द्यायचे? थ्री नॉट थ्री दिली तर दोन प्रकारची काडतुसे बनवायची, साठवायची आणि डोंगरावर चढवायची. लढाईच्या गडबडीत चुकीची पेटी चुकीच्या चौकीवर पोहोचली, तर ऐन वेळी रायफल आणि लाठी यांत फरक उरत नाही.

म्हणून जुन्या थ्री नॉट थ्रीलाच नवे काडतूस द्यायचे ठरले. इशापूरचे कारागीर ती रायफल पन्नास वर्षे बनवत होते. मोजमापाचे गेज, जिग, लेथ आणि मुख्य म्हणजे हात, सगळे तिच्यावर बसलेले होते. वापरणाऱ्या जवानांना कवायत नव्याने शिकवायची गरज नव्हती. १९६३ साली ही रायफल ‘२ए’ या नावाने स्वीकारली गेली.

पोलादाचे उत्तर

इथे आमच्यासारख्या पोलादाच्या सळ्या ताणून तोडणाऱ्या माणसांना सर्वांत रस वाटतो तो चौथ्या प्रश्नात.

जेम्स ली यांनी आखलेल्या यंत्रणेत बोल्टला अडवणारे खुंट त्याच्या मागच्या टोकाकडे असतात. जर्मन माउझर रायफलीत ते पुढे, काडतुसाच्या अगदी मागे असतात. मागे खुंट असल्याने लीचा बोल्ट आखूड फेऱ्यात आणि झरझर चालतो. थ्री नॉट थ्रीचा वेग प्रसिद्ध होता तो त्यामुळेच. पण त्याची किंमत असते. गोळी झाडताना धक्का बोल्टच्या संपूर्ण लांबीतून मागे जातो. बोल्ट किंचित दबतो आणि त्याचे पोलादी घर किंचित ताणले जाते. एकाच जाडीचे दोन रबर घ्या, एक आखूड आणि एक लांब. दोन्हींना सारखेच वजन टांगा. लांब रबर जास्त लांबते. लीच्या यंत्रणेत ताण घेणारा भाग लांब आहे, तेव्हा ती माउझरपेक्षा जास्त ‘लांबते’. हा लांबणारा भाग मिलिमीटरचे काही शतांश असला तरी महत्त्वाचा, कारण तेवढेच पितळ मागे सरकते.

आता धक्का चौदा टक्क्यांनी वाढवायचा आहे. चांगले पोलाद वापरले की हे लांबणे कमी होईल का? बहुतेक विद्यार्थी ‘हो’ म्हणतात, आणि इथेच एक सुंदर धडा दडलेला आहे. साधे पोलाद घ्या की मिश्र पोलाद, मऊ घ्या की कडक केलेले, यंगचा गुणांक जवळपास तोच राहतो, सुमारे २०० गिगापास्कल. सारख्या आकाराच्या तुकड्याला सारखे बळ लावले, तर दोन्ही पोलादे सारखीच लांबतात. म्हणजे नव्या पोलादाचे घरही चौदा टक्के जास्त लांबणारच.

मग फायदा काय? फायदा परत येण्यात आहे. प्रत्येक पोलादाला स्थितिस्थापकतेची एक मर्यादा असते. तिच्या आत ताणले तर ते मूळ लांबीवर येते. ती ओलांडली तर थोडे लांबणे कायमचे राहून जाते. चांगल्या मिश्र पोलादावर योग्य उष्णतासंस्कार केला की ही मर्यादा बरीच वर जाते. बोल्टचे घर प्रत्येक गोळीला केसाच्या अंशाने कायमचे लांबत गेले, तर शेकडो गोळ्यांनंतर बोल्ट आणि पुंगळीचे बूड यांत फट पडते. मग पुंगळीला मागे टेकायला आधार उरत नाही. ती बुडाजवळ ताणली जाऊन तडकते, आणि चार हजार वातावरणांचा वायू मोकळा होतो. कुकरचे कडे फाटावे तसे, पण डोळ्यांपासून वीतभर अंतरावर.

इशापूरने निवड केली ती अशी. आकार जुनाच ठेवला, पोलाद सुधारित मिश्र जातीचे घेतले. नळी नवी, कोठडी नवी, आकडा नव्या घडणीचा, मॅगझिन चौकोनी. दस्त्याच्या टोकाचा पत्रा १ए रायफलीचाच वापरला, म्हणजे तो सुटा भागही दोन्हीकडे चालावा. म्हणून २ए ला ‘रूपांतरित रायफल’ म्हणणे अर्धेच खरे आहे. भांडारातल्या जुन्या रायफली काढून त्यांत नवी नळी बसवली, असे झाले नाही. रूपांतर झाले ते जुन्या आराखड्याचे, रायफल घडली नव्या पोलादातून. ब्रिटनने १९७० मध्ये निशाणबाजांसाठी एल-४२ ही रायफल काढली, तेव्हा तिथे खरोखरच महायुद्धकाळातल्या .३०३ रायफली घेऊन त्यांना ७.६२ च्या जाड नळ्या बसवल्या. पण ती यंत्रणा थ्री नॉट थ्रीच्या नंतरच्या, अधिक मजबूत नमुन्याची होती. इशापूरच्या हाती पहिल्या महायुद्धकाळातला आराखडा होता. त्याला नवा दाब पेलवायचा, तर पोलादापासूनच सुरुवात करणे भाग होते.

१९६५ पासून याच रायफलीचा ‘२ए१’ हा नमुना निघू लागला. मोठा बदल नेमाच्या पट्टीत होता. आधी ती २००० मीटरपर्यंत आखलेली होती, आता ८०० मीटरपर्यंत. दोन किलोमीटरवरचा माणूस साध्या डोळ्यांना ठिपक्याएवढाही धड दिसत नाही. घोडदळाच्या काळातली ती आखणी सवयीने चालत आली होती, तिला आता रजा मिळाली. पट्टीवरचे आकडे यार्डांचे न राहता मीटरचे झाले, हेही लक्षात घेण्याजोगे. वजने-मापांचा नवा कायदा १९५६ चा, आणि देश त्याच सुमारास शेर, मण आणि यार्ड सोडून किलो आणि मीटरकडे वळत होता.

काडतूस कुठून येणार?

रायफल बदलली की काडतुसांचा कारखानाही बदलावा लागतो, आणि इथे ही गोष्ट महाराष्ट्रात येते. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. थ्री नॉट थ्रीच्या पुंगळ्यांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही इंग्रजी अक्षरे दिसतात, ती ‘किर्की फॅक्टरी’ची. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा कारखाना १९६४ सालचा, म्हणजे नव्या रायफलींच्या मागोमाग आलेला. चपटी पितळी चकती दाबून दाबून तिची पुंगळी करायची, दर टप्प्यावर तापवून मऊ करायची आणि शेवटी बूड कडक तर मान मऊ ठेवायची, हे काम तिथल्या हजारो हातांनी केले. पुंगळीचे बूड मऊ राहिले तर इशापूरचे सगळे पोलाद वाया गेले असते. एका कारखान्याची चूक दुसऱ्या कारखान्याच्या रायफलीत आणि तिसऱ्याच माणसाच्या चेहऱ्यावर उमटते.

२ए१ पुढे अनेक राज्यांच्या पोलिसांपर्यंत पोहोचली. पण तिचे मूळ रूप, थ्री नॉट थ्री, तिच्याहूनही चिवट निघाले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आलेल्या हल्लेखोरांच्या हाती स्वयंचलित रायफली होत्या, आणि त्यांना सामोरे गेलेल्या काही पोलिसांच्या हाती .३०३. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० साली. १९६२ च्या हिमालयात जी उणीव दिसली, ती शेहेचाळीस वर्षांनंतर फलाट क्रमांकांच्या पाट्यांखाली पुन्हा दिसली. रायफल कशी सुधारायची हे देशाला १९६३ मध्येच कळले होते. ती कोणाच्या हाती आणि केव्हा द्यायची, हा निर्णय लेथवर होत नसतो.

विद्यार्थ्यांशी बोलताना एक गोष्ट मुद्दाम करून घ्यावी. सैन्याच्या आजच्या रायफलींतही ‘७.६२’ हा आकडा आहे. सिग-७१६ ही ७.६२ गुणिले ५१ ची, तर एके-२०३ ही ७.६२ गुणिले ३९ ची. व्यास एकाच नावाचा असूनही एकीचे काडतूस दुसरीला चालत नाही. का चालत नाही, हे त्यांना वरच्या चार प्रश्नांच्या आधारे शोधू द्यावे. मग फळ्यावर .५७७, .६५६, .३०३, .४१०, .३१५ आणि ७.६२ हे आकडे कालक्रमाने लिहावेत. प्रत्येक आकड्यापुढे दोन रकाने ठेवावेत: ‘पोलादाने काय मागितले?’ आणि ‘ठरवणाऱ्याने काय मागितले?’ पहिला रकाना विज्ञानाच्या तासाचा आणि दुसरा इतिहासाच्या तासाचा. दोन्ही शिक्षकांनी तो फळा मिळून भरला, तर अधिक चांगले.